उच्च शिक्षणाची सरासरी ‘दीड-पावणेदोन वर्षं’: हा आकडा वाचायचा कसा?

सांजवात

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टला ‘उच्च शिक्षणाची अपेक्षित वर्षं’ हा निर्देशक घेतलाय. देश भारत, काळ साधारण 1970 पासून पुढे. रेघ चढतीच आहे: सुरुवातीला जेमतेम पाव वर्ष, 2000 च्या आसपास अर्धं, आता दीडच्या पुढे. आलेख काढून मी खूश होते. सरांनी एवढंच विचारलं, “पदवी तीन वर्षांची, मग हे दीड वर्ष शिकतंय कोण?” बोलतीच बंद झाली. कोणी नीट समजावेल का? आणि वाढ झाली ती नेमकी कशाची?

त्रैराशिक

हिशेब सोपा आहे. अठराव्या वर्षी किती टक्के मुलं कॉलेजात, एकोणिसाव्या वर्षी किती, असं प्रत्येक वयाचं प्रमाण काढून बेरीज करायची. सहा वयांत प्रत्येकी पाव मुलं नाव नोंदवून असतील तर 6 × 0.25 = दीड वर्ष. वयवार आकडे नसतील तर ढोबळ नोंदणी प्रमाण (कॉलेजात नाव असलेले सगळे, भागिले त्या वयोगटाची लोकसंख्या) घेऊन वयोगटातल्या वर्षांनी गुणतात. आपल्या केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 ला हे प्रमाण 28.4 टक्के होतं, वयोगट 18 ते 23. म्हणजे 1.7. युनेस्को पाचच वर्षांचा गट धरते, त्यामुळे दोन्हींचे टक्के आणि वर्षं एकमेकांत मिसळू नका.

खिडकी नंबर तीन

ताई, दीड वर्ष कोणीच शिकत नाही.

माझी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात गेली. अ‍ॅडमिशन, एलिजिबिलिटी, टीसी, बोनाफाईड, सगळं माझ्याच खिडकीवर. बारावीच्या निकालानंतर त्या रांगेत जो उभा राहिला तो बहुधा तीन वर्षं पदरात पाडून जातो. पुढे एम.कॉम. केलं तर पाच. जो रांगेत आलाच नाही त्याचं शून्य. तिघा-चौघांची चार-पाच वर्षं आणि सहा-सात जणांची शून्यं एकत्र केली की तुमचं दीड निघतं. तेव्हा आलेख चढला तो एकेक पोरगं जास्त शिकलं म्हणून कमी, आणि रांग लांबली म्हणून जास्त.

रांग का लांबली, तर मुळात बारावीपर्यंत टिकणारी पोरं वाढली. दुसरं म्हणजे कॉलेज जवळ आलं. 1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तिथून महाराष्ट्राचं चित्र बदललं. त्याबद्दल शिव्या देणारे खूप आहेत, त्यातल्या निम्म्या मलाही मान्य आहेत. पण त्या आधी आमच्या भागातल्या पोराला पुणे, कराड नाहीतर सांगली गाठावी लागायची हेही खरं.

मुलींच्या बाबतीत तर अंतर हाच निकाल. फॉर्म घ्यायला वडील यायचे आणि फी विचारायच्या आधी विचारायचे, “शेवटचं लेक्चर किती वाजता सुटतं? साडेपाचची एसटी मिळेल का?” टाइमटेबल बघून ठरायचं, पोरगी बी.ए. होणार की नाही. जनरल रजिस्टरला एक रकाना असतो, कॉलेज सोडण्याचे कारण. जुन्या रजिस्टरात मुलींच्या नावापुढे ‘विवाह’ हे पानोपान सापडेल, तेही एस.वाय.च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मध्यावर. माझ्या शेवटच्या काळात तिथे ‘पुढील शिक्षणासाठी’ लिहायची पाळी जास्त आली. देशपातळीवर त्याच 2021-22 च्या सर्वेक्षणात मुलींचं प्रमाण 28.5 आणि मुलांचं 28.3 आहे.

आता सरांना सांगायला एक भानगड. हा आकडा नाव नोंदलेली वर्षं मोजतो, पास झालेली नाही. इंजिनिअरिंगला दोनदा वायडी बसलेला, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलेला, पोरगा सहा वर्षं हजेरीपटावर राहतो, आणि ती सहाच्या सहा जमेत धरली जातात. नापास होऊनही देशाचा आकडा वर नेतो बिचारा.

दुसरं, 1970 पासून घेताय तर आपल्याकडचा आकृतिबंध लक्षात घ्या. पूर्वी अकरावीची मॅट्रिक आणि पुढे बी.ए. चार वर्षांचं. 1975 ला दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, आणि 10+2+3 आलं. एकूण पंधरा तेवढीच, पण कॉलेजातलं एक वर्ष शाळेच्या खात्यात गेलं. आमच्या इमारतीत अकरावी-बारावीची पोरं त्याच जिन्यावरून चढायची, पण त्यांची गणती उच्च शिक्षणात नाही.

पेठेतला भाडेकरू

काकांच्या भानगडीत माझी भर. पुण्यात एमपीएससी करणारे कितीतरी जण एम.ए.ला प्रवेश घेतात तो हॉस्टेल आणि लायब्ररीच्या कार्डासाठी. एक एम.ए. झालं की दुसऱ्या विषयात. मी स्वतः त्यातला. वर्ग कुठल्या मजल्यावर भरतो ते परीक्षेच्या दिवशी कळलं. अभ्यास मात्र दिवसाला दहा तास, फक्त तो तलाठी-पीएसआयचा. माझी वर्षं ‘उच्च शिक्षणात’ धरली असणारच. मला विचाराल तर हा निर्देशक निम्मा बेरोजगारीचा आहे.

त्रैराशिक

निम्मा कुठला! चार कोटी तेहतीस लाख नोंदणीत तुमच्यासारखे किती निघतील? बहुसंख्य पदवीलाच आहेत. पेठांवरून देश मोजू नका.

पेठेतला भाडेकरू

बरं, पाव. त्याखाली येणार नाही.

सांजवात

काका, रजिस्टरच्या रकान्याचं सरांना सांगितलं तर ते प्रोजेक्टच बदलायला लावतील! एक शंका आहे. राज्यांची तुलना याच पद्धतीने करू का? आणि नव्या शैक्षणिक धोरणातलं 50 टक्के नोंदणीचं उद्दिष्ट यात कसं दाखवायचं?

खिडकी नंबर तीन

करा की. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्र 35.3, तामिळनाडू 47. सहाने गुणलं तर आपली 2.1 वर्षं आणि त्यांची 2.8. आपण पुढारलेले म्हणवतो, पण हे पाऊण वर्षाचं अंतर लहान नाही. 2020 च्या धोरणातलं 2035 पर्यंत 50 टक्के म्हणजे याच हिशेबाने तीन वर्षं. मात्र ते 26.3 वरून 50 वर जाताना व्यावसायिक शिक्षण धरून बोलतात, तेव्हा आलेखात ती रेघ तुटक काढा. शिवाय पदवी चार वर्षांची झाली की रांग तेवढीच राहूनही आकडा थोडा हलेल, कारण चौथ्या वर्षाला थांबणारा एकेक जण एकेक वर्ष वाढवतो. ते वेगळं लिहा.

2014-15 चा बिंदूही घ्या, 23.7 टक्के. तो आणि 2021-22 चा, दोन्ही 2011 च्या जनगणनेवर बेतलेल्या लोकसंख्येवर काढलेत, म्हणून आपसात जुळतात. त्याआधीच्या वर्षांना आकड्याशेजारी लोकसंख्येचा आधार लिहा. व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच येतो.