ऑटिझम : वर्तन-उपचार केंद्रात तासांवर घ्यावेत की घरच्यांनी शिकून घ्यावेत? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. जिल्हा रुग्णालयातील आयएसएए (ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय) चाचणीत त्याचे ११८ गुण आले, म्हणजे तीव्रता मध्यम. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि स्पीच व ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) यांसाठी एसटीने शहरातील एका केंद्रात जातो. आता त्याच केंद्राने एबीए, म्हणजे वर्तन-उपचार, सुरू करायला सांगितले आहे.

केंद्राचे म्हणणे असे, की आठवड्याला किमान २५ तास दिले तरच उपयोग होईल आणि त्या वेळी पालकांनी बाहेर बसावे, कारण आईसमोर मूल नाटके करते. फी आमच्या आवाक्याबाहेरची आहेच, पण मला त्याहून अधिक ही बाहेर बसण्याची अट खटकते. उरलेला सगळा वेळ तो माझ्याजवळ किंवा सासूबाईंजवळ असतो, आणि बंद दाराआड काय शिकवले ते आम्हाला कळले नाही, तर घरी आम्ही काय पुढे चालवणार?

एक उदाहरण देते. त्याला छताचा पंखा बघत पडून राहायला आवडते. वीज गेली, पंखा मंदावला आणि पाती सुटी दिसू लागली, की तो किंचाळून डाव्या मनगटाला चावतो. तेथे आता घट्टा पडला आहे. आम्ही त्या एका खोलीसाठी इन्व्हर्टर घेतला आणि चावणे बरेच कमी झाले. केंद्राने मात्र वहीत शेरा दिला, की पालक हट्ट पुरवतात. पंखा मुद्दाम बंद करावा आणि रडल्यास दुर्लक्ष करावे. सासूबाईंचे मत याच्या अगदी उलट आहे. लेकराला हवे ते द्यावे, त्याचे काकाही उशिराच बोलू लागले होते, असे त्या म्हणतात. दुपारी वीज जाते तेव्हा घरात मी असते, त्यामुळे दोन्ही मते मलाच निस्तरावी लागतात.

इन्व्हर्टर घेणे हे खरोखर लाड करणे आहे का? २५ तासांचा आग्रह कशावर आधारलेला आहे? थेरपिस्टची पात्रता कशी पडताळावी, आणि सासूबाईंनाही बसता येईल असे पालक-प्रशिक्षण असते का? कृपया आहार, स्टेम सेल किंवा जडीबुटीचे उपाय सुचवू नयेत. ती यादी नातेवाइकांकडून पूर्ण मिळालेली आहे.

प्रतिसाद :

ताई, मी विशेष शिक्षक आहे. इन्व्हर्टर घेणे हा लाड मुळीच नव्हे. वर्तनाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा कशातून सुटका झाली, या तीन गोष्टी नोंदवणे हा एबीएचा पाया आहे, आणि आधीची परिस्थिती बदलणे हा त्यातलाच एक मान्य उपाय आहे. तुमचा मुलगा लक्ष वेधण्यासाठी चावत नसेल, तर दुर्लक्ष करून तो काहीही शिकणार नाही. लक्ष वेधण्यासाठी चावत असला, तरी दुर्लक्ष सुरू केल्यावर असे वर्तन आधी उसळते आणि मगच ओसरते, आणि येथे ती उसळी त्याच्याच मनगटावर निघेल. त्याऐवजी वीज असताना, तो शांत असताना, 'पंखा बंद' असे चित्रकार्ड दाखवून दोनच सेकंद पंखा बंद करा, तो बिथरण्याआधी 'पंखा लाव' हे कार्ड त्याच्याकडून घ्या आणि लगेच पंखा लावा. वेळ अगदी हळूहळू वाढवा. कार्डांऐवजी आयआयटी मुंबईचे 'जेलो' हे मोफत ॲप वापरता येईल. ते मराठीत आहे.

तासांविषयी सांगायचे, तर एबीए मुलांसाठी वापरणारे मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या अमेरिकेतील अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवले गेले आणि त्यातील ९ मुले सर्वसाधारण वर्गात गेली. परंतु मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्ष नव्हती, आणि त्या पद्धतीत मोठ्याने 'नाही' म्हणणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे हेही होते, हे कोणी सहसा सांगत नाही. २५ तासांचा आकडा २००१ च्या अमेरिकी राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालात आहे, मात्र तेथे शाळेच्या पूर्ण दिवसाइतका वेळ मूल शिकण्यात गुंतलेले असावे, असा अर्थ अभिप्रेत आहे.

तुमच्या परिस्थितीला अधिक लागू पडणारा प्रयोग गोव्यात 'संगाथ' या स्वयंसेवी संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ मुले होती. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते सहा महिने दर पंधरवड्याला एक अशी १२ सत्रे घेत. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रण करून ते पालकांसोबत बसून पाहायचे, आणि मुलाने केलेला छोटासा इशारा कोठे सुटला, कोठे टिपला गेला, यावर बोलायचे, अशी पद्धत होती. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. मोबाइलवर असे चित्रण करून तुमच्या स्पीच थेरपिस्टना दाखवता येईल. सासूबाईंचे चित्रण आधी करा. आजीला नातू आपल्याकडे कसा बघतो हे पडद्यावर दिसले, की पुढची चर्चा सोपी जाते.

पात्रतेसाठी भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तेथे वर्तन-विश्लेषक असा वेगळा वर्ग नाही, म्हणून देखरेख करणारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक कोण आणि त्यांनी एबीएचे प्रशिक्षण कोठे घेतले, हेही विचारा. सत्र पाहू न देणारे केंद्र मी तरी निवडणार नाही. खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'निरामय' आरोग्य विमा काढा. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीलाही ठरावीक मर्यादेत जागा आहे.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. दोन सेकंदांचा प्रयोग उद्यापासून सुरू करते. एक शंका राहते. जूनपासून तो बालवाडीत जाणार आहे. तेथे इन्व्हर्टर नाही आणि वीज जाताना कार्ड दाखवायला कोणालाही वेळ मिळत नाही. तेथील ताईंना नेमके काय लिहून द्यावे? मिरज किंवा कोल्हापूर परिसरातील पालकांनी असे पत्र शाळेला दिले असेल, तर त्यातील मजकूर येथे लिहावा, ही विनंती.