सोसायटी ग्रुप : गच्चीवरच्या फोटोंबद्दल

सुमन जोशी (बी-२०३): काल रात्री निखिलने ग्रुपवर एका मुलीचे जे फोटो टाकलेत ते सगळ्यांनी पाहिलेच असतील. मी बोलणार नव्हते. पण ह्यांनी सकाळी चहा घेताना मोबाईल उघडला आणि शेजारी नातू. उघडी पाठ काय, ओले केस काय. वर तिसऱ्या फोटोत मागे दोरीवर माझी गुलबक्षी साडी वाळतेय. ती पण प्रदर्शनात लागणार का? 🙏

निखिल (ए-५०१): काकू, नमस्कार. बालगंधर्वच्या कलादालनात आमच्या क्लबचं प्रदर्शन आहे. या पाचातले दोनच द्यायचेत, म्हणून मत विचारलं. साडी काढून टाकतो फोटोतून.

सुमन जोशी: साडीचा प्रश्न नाहीये निखिल.

पाटील (सी-४०२): हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. पाणी, वीज, लिफ्ट, मेंटेनन्स. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

रेश्मा (ए-३०४): मला तर सगळेच आवडले 😍 एक नंबर 🔥🔥

देशपांडेकाका (ए-१०२): रेश्मा, "एक नंबर" ऐकून त्याने करायचं काय? निखिल, ऐक. पहिल्यात फोकस कानातल्यावर बसलाय. कॅमेऱ्याकडचा डोळा लख्ख हवा, बाकी धूसर झालं तरी चालतं. दुसरा भर दुपारचा दिसतो, डोळ्यांखाली काळं आलंय. खालून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला असतास तर सावली भरून निघाली असती. तिसऱ्यात गालावर निळसर झाक आहे. ती टाकीवरच्या ताडपत्रीची. उजेड तिच्यावरून उसळून चेहऱ्यावर आलाय. तो कृष्णधवल कर, साडीही गप्प बसेल.

सुमन जोशी: साडीला गप्प बसवा आणि मलाही.

कदम, सेक्रेटरी (बी-३०१): एक मिनिट. ताडपत्री म्हणजे आपल्याच गच्चीवर काढलेत का हे? पाचव्या मजल्याच्या गळतीनंतर गच्चीला कुलूप घालायचं ठरलं होतं. किल्ली कुणी दिली?

निखिल: तुम्हीच दिलीत काका.

कदम, सेक्रेटरी: डिश बघायला दिली होती.

पाटील: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. पाणी, वीज, लिफ्ट, मेंटेनन्स. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

कदम, सेक्रेटरी: पाटील साहेब, गच्ची हे सोसायटीचंच काम आहे.

महाजन (बी-१०१): जोशीवहिनी, १९९५ ची ती बुटांची जाहिरात आठवते का? मॉडेल मिलिंद सोमण आणि मधु सप्रे, अंगावर फक्त बूट आणि अजगर. खटला भरला, २००९ साली निर्दोष सुटले. आपल्या फोटोंत निदान अजगर तरी नाही 😂

मोहिते (सी-२०१): अजगर नाही, पण पार्किंगमागे धामण निघाली होती. तिथलं गवत कापा म्हणून मी किती वेळा लिहायचं?

कदम, सेक्रेटरी: माळी गावाला गेलाय.

मोहिते: माळी कायमच गावाला असतो.

सुमन जोशी: विषय भरकटवू नका. आणि मुलगी किती हडकुळी आहे ती. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. हल्ली यालाच सौंदर्य म्हणतात वाटतं.

शिर्के (ए-४०१): चेहरा ठीक आहे, पण नाक फारच मोठं. निखिल, दुसरी कुणी मिळाली नाही का?

देशपांडेकाका: शिर्के, नाक मोठं नाही. याने वाइड लेन्स लावून अगदी जवळून काढलंय. अशाने जे पुढे असतं ते फुगतं, कान मागे पळतात. ८५ मिमीची लेन्स लावून चार पावलं मागे सरकला असता तर तुम्हाला नाक दिसलंही नसतं. दोष काढणाऱ्याचा आहे, बसणाऱ्याचा नाही.

अदिती (सी-१०४): नमस्कार. नाक माझंच आहे. मीही या ग्रुपवर असते.

शिर्के: हा मेसेज हटवण्यात आला

सुमन जोशी: अगंबाई, तू होय! ओळखूच आली नाहीस. मी आपलं काळजीने म्हटलं गं. जेवतेस ना नीट?

शिर्के: आमचा उद्देश तसा नव्हता. मात्र भाडेकरूंना या ग्रुपवर घ्यायचं नाही असं ठरलं होतं ना, कदम?

रेश्मा: अदिती मेंटेनन्स तरी वेळेवर देते. काही मालकांना तेही जमत नाही.

शिर्के: कोण ते नाव घेऊन बोला.

पाटील: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. पाणी, वीज, लिफ्ट, मेंटेनन्स.

अदिती: मतं मागितलीच आहेत तर माझंही लिहिते. चौथ्यात डावा हात मांडीवर नुसता पडलाय. पंजाची पाठ सरळ कॅमेऱ्याकडे आली की हात जड दिसतो, कड दाखवली तर बोटं मोकळी दिसतात. शिवाय फ्रेमने मनगटावर काप घेतलाय. एकतर पूर्ण हात घ्यायचा, नाहीतर कोपराच्या वर थांबायचं. हे मी तेव्हाच म्हणाले होते. खांद्यावर लहानपणीचा भाजल्याचा डाग आहे, तो अ‍ॅपने पुसलाय. तो परत आण. डागाबरोबर कातडीची छिद्रंही गेली आणि मी मेणाची बाहुली झाले. पाठीचा पाचवा मला सगळ्यात आवडतो, जोशीकाकूंना नाही आवडला तरी. पण निखिल, मी सही केली होती ती प्रदर्शनासाठी. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला नाही.

निखिल: विचारायला हवं होतं. पाचही हटवतोय.

मोहिते: अरे, मी तर कालच आमच्या ताईला पाठवले. तिचा मुलगा हेच शिकतो.

अदिती: तिथूनही काढायला सांगा, प्लीज.

मोहिते: सांगते. ती मोबाईल रात्रीच बघते.

अदिती: मग फोन करा ना काकू.

देशपांडेकाका: मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय १८५७ सालचं. तिथे वर्गात मॉडेल समोर बसतं आणि मुलं रेघेवर, उजेडावर बोलतात. कुणी विचारत नाही की ही जेवते की नाही.

सुमन जोशी: आम्ही हुजूरपागेतल्या हो भाऊजी. आम्हाला जेवलीस का विचारायचीच सवय.

देशपांडेकाका: निखिल, गौतम राजाध्यक्षांचे नट-नट्यांचे फोटो शोधून बघ. आधी डोळे भेटतात, मग दागिने. आणि पुढच्या वेळी अदितीला विचारून, ज्याचं मत हवं त्यालाच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं. पहिला धूसर म्हणालो त्यातलं थोडं त्याच्या खात्यावर टाक.

निखिल: हो काका. अदिती, पाचवा आणि कृष्णधवल केलेला तिसरा देऊ? डाग ठेवून.

अदिती: दे. छापायच्या आधी मला दाखव. इथे नाही.

देशपांडेकाका: मॅट कागदावर काढ. चकचकीत कागद आणि वर काच असली की बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं.

महाजन: काहींना त्याची गरज आहे 😄

शिर्के: महाजन, हे कुणाला उद्देशून?

कदम, सेक्रेटरी: विषय बंद. निखिल, गच्चीची किल्ली संध्याकाळपर्यंत ऑफिसात जमा कर.

निखिल: काका, ती मी शनिवारीच वॉचमनकडे दिली.

कदम, सेक्रेटरी: वॉचमन म्हणतो महाजनांनी नेली.

महाजन: हिचे पापड वाळतायत वर. दोन दिवस द्या.