दहावी: समीकरण बरोबर येतं, पण अभिक्रिया कळलेली नसते. शिकवायचं कसं, तपासायचं कसं?

विज्ञान_खानापूर

मराठी माध्यमाचं हायस्कूल, दहावी, वर्गात ४२ मुलं, ४० मिनिटांचा तास. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात परीक्षानळ्या, दोन स्पिरिटचे दिवे, मोरचूद (कॉपर सल्फेट), धुण्याचा सोडा आणि थोडं आम्ल आहे.

'रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणे' धडा झालाय. लोखंड आणि कॉपर सल्फेटचं समीकरण मुलं न अडखळता लिहितात, 'विस्थापन' हे नावही देतात. पण 'द्रावणाचा निळा रंग गेला कुठे?' असं विचारलं की 'खिळ्यानं रंग शोषून घेतला' हेच उत्तर ढिगानं येतं. काहींना खिळ्यावरचा लाल थर गंज वाटतो. संतुलन करायला सांगितलं तर एच-टू-ओ चं एच-टू-ओ-टू करून मोकळे होतात, कारण दोन्हीकडचे ऑक्सिजन जुळले!

पेपरात समीकरणच विचारलेलं असतं, त्यामुळे या मुलांना गुणही पडतात. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एवढ्या सामानात मुलांची समजूत खरोखर हलवणारे प्रयोग कोणते? आणि समजलंय की पाठ केलंय हे दाखवणारे प्रश्न कसे काढायचे?

---

अथणी_प्रयोग

नवीन काही आणू नका. खिळ्याचाच प्रयोग पुढे न्या. तो बहुतेक ठिकाणी अर्ध्यावर सोडला जातो, म्हणून 'रंग शोषला' हे उत्तर टिकून राहतं.

आधी मांडणी. मोरचूद २.५ ग्रॅम, पाणी १०० मिली, म्हणजे साधारण ०.१ मोलर द्रावण. पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यानं द्रावण गढूळ होतं आणि मुलांना तीच अभिक्रिया वाटते. खिळे साधे काळे घ्या आणि पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा. दुकानात मिळणारे पांढुरके खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. त्यात आधी जस्त विरघळतं आणि तुमचं समीकरणच चुकीचं ठरतं. तीन नळ्या लावा: खिळा आणि मोरचूद, नुसती मोरचूद, खिळा आणि साधं पाणी. तिसरी नळी गंजवाल्यांसाठी आहे. २० मिनिटांनी तिच्यातला खिळा जवळजवळ तसाच असतो, पहिलीतला मात्र लालसर तपकिरी झालेला असतो.

आता एक अडचण. एवढ्या वेळात खिळ्याच्या नळीतला रंग जेमतेम फिका होतो आणि हिरवा तर दिसतच नाही, कारण इतकं पातळ फेरस सल्फेट (अभिक्रियेत तयार होणारं लोखंडाचं संयुग) जवळजवळ रंगहीन दिसतं. तरी वह्यांमध्ये 'द्रावण हिरवे झाले' असं येतं, कारण पुस्तकात तसं आहे. म्हणून शेजारी दुसरी बाटली ठेवा: ५० मिली द्रावण, १ ग्रॅम लोहकीस, बूच लावून आठ-दहा मिनिटं हलवत राहायचं. हिशेबानं ०.२८ ग्रॅम लोखंड पुरतं, १ ग्रॅम म्हणजे भरपूर झालं. निळा रंग डोळ्यांदेखत जातो. बेळगावला उद्यमबागेत लेथवरचा कीस सहज मिळतो, पण त्याला तेल असतं. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन वाळवल्याशिवाय तो चालत नाही. कीस बिडाचा असेल तर शेवटी कार्बनचे काळे कण उरतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता खरा भाग. तो कीस गाळा, धुवा, स्वच्छ पाण्यात टाका. निळा रंग परत येत नाही. मग दोन नळ्यांत धुण्याच्या सोड्याचं द्रावण थेंब थेंब घाला, एकीत मूळ मोरचूद आणि दुसरीत गाळलेलं पाणी. पहिलीत निळसर अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो. दुसरीत मळकट हिरवट येतो आणि हवेत ठेवला की हळूहळू तपकिरी होतो. 'आता पाण्यात काय आहे?' एवढंच विचारून गप्प राहा. लोखंड पाण्यात उतरलंय हे मुलांनी स्वतः म्हटलं पाहिजे.

प्रश्नासाठी आमच्याकडच्या द्राक्षबागा घ्या. १ टक्का बोर्डो मिश्रणाला (बुरशीवर फवारायच्या औषधाला) १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना लागतो. फवारणीआधी घासलेला चाकू मिनिटभर त्यात बुडवतात. पात्यावर लाल थर आला तर चुना कमी पडला, अजून थोडा घालायचा. मुलांना विचारा: (अ) थर कशाचा? (आ) पुरेसा चुना घातल्यावर थर का येत नाही? (इ) हे मिश्रण लोखंडी पिंपात का करत नाहीत? पाठांतर केलेला (आ) ला अडकतो. ज्याला कळलंय तो लिहितो की चुन्यामुळे तांब्याचा अवक्षेप झाला, द्रावणात मोकळं तांबं उरलंच नाही, मग लोखंड विस्थापित कशाला करणार?

---

चिकोडी_रसायन

वरचं उत्तर डोळ्यांना दिसतं त्याबद्दल आहे. एच-टू-ओ-टू ची चूक मात्र तिथं सुटत नाही, ती कणांच्या पातळीवरची आहे. मुलाला आकडा खाली लिहिला काय आणि पुढे लिहिला काय, सारखंच वाटतं.

चिंचोके आणि तुरीचे दाणे आणा. चिंचोका ऑक्सिजन, तूर हायड्रोजन. नियम एकच: एकमेकांना चिकटून ठेवलेले दाणे म्हणजे एक रेणू. खालचा आकडा म्हणजे रेणूत किती दाणे चिकटलेत, पुढचा आकडा म्हणजे असे किती गट आहेत. मुलानं एच-टू-ओ-टू केलं की त्याला ते बाकावर मांडायला लावा आणि सांगा की हे पाणी नाहीच, हे जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. पाणी हवं असेल तर गट वाढवायचे, गटाच्या आत हात घालायचा नाही. मग उरलेला ऑक्सिजन बघून दुसरा हायड्रोजनचा रेणू मुलं आपणहून मागतात.

तपासायला एक चौकट द्या. तिच्यात हायड्रोजनचे ६ रेणू आणि ऑक्सिजनचे २ रेणू काढलेले. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर चौकटीत काय असेल ते काढायचं. उत्तर: पाण्याचे ४ रेणू, हायड्रोजनचे २ रेणू शिल्लक.

इथं चुकीचं उत्तरच जास्त सांगून जातं. ६ पाणी काढणाऱ्यानं ऑक्सिजन मोजलाच नाही, नुसता हायड्रोजन मोजला. २ पाणी काढणाऱ्याला समीकरण पाठ आहे, पण तो त्यातले आकडे प्रमाण म्हणून वाचत नाही, चौकटीत काहीही असलं तरी तो २ च लिहील. सगळे दाणे एकाच गोळ्यात चिकटवणाऱ्याला रेणू ही कल्पनाच बसलेली नाही, त्याला समीकरण देऊन उपयोग नाही, पुन्हा चिंचोक्यांवर आणा. ४ पाणी काढून शिल्लक विसरणाऱ्याचं 'अभिक्रियेत सगळं संपतं' असं मत असतं. त्याला एकच विचारा: आधी हायड्रोजनचे १२ अणू होते, आता किती दिसतात?

प्रत्येक चुकीवर वेगळा उपाय आहे, म्हणून नुसती फुली मारू नका. कोपऱ्यात 'मोज', 'प्रमाण', 'रेणू', 'शिल्लक' यांपैकी एक शब्द लिहा.

---

सीमाभाग_बीएड

वस्तुमान अक्षय्यतेसाठी (अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, हे दाखवायला) बाटलीच्या तोंडाला फुगा लावून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा करावा. फुगा फुगतो, काटा तोच आकडा दाखवतो. सोपं आणि देखणं.

---

निपाणी_मापन

फुगा नको. काटा तोच आकडा दाखवत नाही, आणि नेमका तिथंच मुलांचा विश्वास उडतो. फुगा अर्धा लिटर फुगला की तेवढी हवा बाजूला सारतो. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथं १ लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.१ ग्रॅम. म्हणजे उद्धरण बलामुळे (हवा फुग्याला वर ढकलते त्यामुळे) काटा अर्धा ग्रॅम कमी दाखवणार. मुलं म्हणणार, वायू झाला म्हणून वजन गेलं. तीच चूक तर काढायची होती!

आकार न बदलणारं भांडं हवं. सोडा-सरबताची १ लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची अजिबात नको. तिच्यात ५० मिली साधं व्हिनेगर. २ ग्रॅम खाण्याचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून पुडी दोऱ्यानं गळ्यात लोंबती ठेवा, दोऱ्याचं टोक झाकणात अडकवून झाकण घट्ट लावा. वजन घ्या. मग बाटली आडवी करून हलवा, ती दगडासारखी कडक होते. पुन्हा वजन घ्या, आकडा तोच. २ ग्रॅमच्या वर सोडा घालू नका. एवढ्यातूनच अर्धा लिटरहून जास्त वायू निघतो.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर फरक धड दिसणार नाही.

आता झाकण सोडा. फुस्स आवाज येतो, वजन उतरतं. हिशेबानं २ ग्रॅम सोड्यातून १.०५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, पण काटा अर्धा ते पाऊण ग्रॅमच उतरलेला दाखवेल. काही वायू व्हिनेगरमध्ये विरघळलेला असतो आणि काही हवेत मिसळून बाटलीतच राहतो. हा फरक लपवू नका. 'उरलेला वायू कुठे आहे?' हा मूल्यमापनाला फार चांगला प्रश्न आहे.

---

सीमाभाग_बीएड

उद्धरण बलाचा मुद्दा मान्य. फुगा फक्त वायू तयार होतो एवढं दाखवायला ठेवतो.

---

शब्द_बेळगाव

आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी शाळांत, एक अडचण भाषेची आहे, पुण्या-कोल्हापूरच्या साहित्यात ती सापडणार नाही. मराठीत 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी (अल्कलीसारखा पदार्थ) यांच्यातून होणारा पदार्थ. कन्नडमध्ये 'क्षार' म्हणजे अल्कली, आणि आपल्या क्षाराला तिथं 'लवण' म्हणतात. मराठी शाळेत शिकून शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मित्राबरोबर अभ्यास करणारं मूल उदासिनीकरणात (आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेत) हमखास गोंधळतं. तसंच आपलं 'क्षपण' म्हणजे त्यांचं 'अपकर्षण', आपलं 'ऑक्सिडीकरण' म्हणजे 'उत्कर्षण'. मुलाचं उत्तर चुकीचं वाटलं तर आधी बघा की चूक रसायनाची आहे की शब्दाची. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावा: मराठी, कन्नड, आणि देवनागरीत इंग्रजी उच्चार. पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की 'रिडक्शन', 'प्रेसिपिटेट' हेच शब्द कानावर पडणार आहेत.

आणखी एक. लेड नायट्रेट वर्गात तापवू नका. त्यातून निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांना घातक आणि शिसं स्वतः विषारी. पोटॅशियम आयोडाइडबरोबरचा पिवळा अवक्षेप परीक्षेत विचारला जातो, तो व्हिडिओवर दाखवा. हातानं करायला चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा पुरे: पांढरा कॅल्शियम कार्बोनेट लगेच येतो, समीकरणही सरळ आहे. निवळीसाठी चमचाभर पानाचा चुना १ लिटर पाण्यात ढवळून, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी घ्या. उघडा राहून सुकलेला चुना चालत नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा आधीच कार्बोनेट झालेला असतो. कळीचा चुना विझवून दाखवायचा असेल तर स्टीलच्या भांड्यात, ॲल्युमिनियमच्या नाही, आणि मुलांना दोन हात लांब ठेवून. डोळ्यात उडालेला चुना डोळा घालवू शकतो.

---

विज्ञान_खानापूर

सगळ्यांचे आभार. बोर्डोचा प्रश्न आणि चौकट दोन्ही घेतो. ४२ मुलांचं एका तासात कसं बसवायचं आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत याला जागा कशी करायची, तेवढं सांगा.

---

अथणी_प्रयोग

सहा-सहा जणांचे सात गट करा. गटाला लोहकिसासाठी ५० मिली द्रावण, म्हणजे एकूण ३५० मिली, त्याला पावणेनऊ ग्रॅम मोरचूद लागते. खिळ्याच्या तीन नळ्या तुमच्या टेबलावर एकदाच मांडा. पहिली ५ मिनिटं 'काय होईल आणि का' हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठी खोडायची नाही. २० मिनिटं प्रयोग, १० मिनिटं दुसरी चिठ्ठी: काय दिसलं, कशावरून म्हणतोस.

गुण ५ ठेवा. निरीक्षणाला १, पुराव्यानिशी कारणाला ३, समीकरणाला १. अंदाजाला गुण नको, नाहीतर मुलं पुस्तकातलं उत्तर अंदाज म्हणून लिहितात. निरीक्षणात 'हिरवे झाले' लिहिलं आणि नळी हिरवी नसेल तर तो १ गुण देऊ नका, पुस्तकात काहीही असो.

चिठ्ठ्या एकेक वाचत गुण देत बसू नका. आधी चार ढीग करा: रंग शोषला, गंज आला, तांबं बाहेर आलं एवढंच, तांबं बाहेर आणि लोखंड आत. शेवटच्या ढिगाला कारणाचे पूर्ण ३, तिसऱ्याला २. पहिल्या दोन ढिगांतल्यांना दुसऱ्या दिवशी सोड्याच्या दोन नळ्या हातात देऊन पुन्हा लिहायला लावा आणि तेच गुण धरा.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, तांबं माशांना विषारी आहे. सगळं एका प्लॅस्टिकच्या बादलीत जमा करून उरलेला कीस त्यात टाका. सकाळपर्यंत निळा रंग गेला नाही तर कीस कमी पडला, आणखी घाला.