दाढीनंतरची जळजळ, पुरळ आणि आत वाढलेले केस : तुमचे अनुभव लिहा

मुलाने दोन महिन्यांपूर्वी दाढी करायला सुरुवात केली आणि दर वेळी गळ्यावर लाल पुरळ उठतं, नुसती कॉलर घासली तरी कळवळतो. या वयातल्या मुलांना हे कुणी नीट शिकवतच नाही. काय केल्याने थांबलं, काय केल्याने वाढलं, दोन्ही लिहा. काखेचे, पायांचे अनुभवही चालतील.

*

ताई, आधी त्याला गळ्यावरून बोट फिरवून बघायला सांगा, जिकडे गुळगुळीत जातं ती केसांची दिशा आणि जिकडे खरखरतं ती उलटी. माझे गालावरचे केस खाली येतात पण कंठाच्या डाव्या बाजूचे पार कानाकडे वर जातात, हे मला बारा वर्षं दाढी केल्यावर कळलं, तोवर वरून खाली म्हणजे सरळ असं समजून मी तिथे रोज उलटा हात फिरवत होतो आणि क्रीम बदलत बसलो होतो. आता आंघोळीनंतर लगेच करतो, केस मऊ असतात, जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबतो, रेझर दाबत नाही, कातडी ताणत नाही. थोडे खुंट हाताला लागतात, लागू देत.

*

मी घाईत पाय कोरडेच शेव्ह करायचे, मग दुसऱ्या दिवशी मांडीवर बारीक लाल ठिपके. जेल लावायला लागल्यापासून खूप कमी झालं. आणि काखेत शेव्ह केल्या केल्या डिओ मारू नका, फार झोंबतं.

*

माझे केस राठ आणि कुरळे. कापलेलं टोक अणकुचीदार होतं आणि वळून परत कातडीत शिरतं, त्याचीच पुटकुळी होते. मी ती सुईने उकरायचो, हनुवटीखाली तीन काळे डाग अजून आहेत, प्लीज कुणी उकरू नका. स्किनच्या डॉक्टरांनी आधी महिनाभर ब्लेडच बंद करायला लावलं, फक्त ट्रिमर, तोही 1 मिलिमीटर केस ठेवून. जास्त पात्यांच्या रेझरने केस ओढला जाऊन कातडीच्या खाली कापला जातो म्हणून आता एकच पातं वापरतो.

*

ब्लेड 5 ते 7 वेळा वापरून टाकून द्या, आणि ओल्या बाथरूममध्ये ठेवू नका.

*

जळजळ झालीच तर गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह नको. एक कळकळीने सांगते, माझ्या भावाने कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडचं क्रीम महिनोन्महिने लावलं, कातडी पातळ झाली आणि चेहरा उन्हात गेला की भाजल्यासारखा लाल व्हायचा. असं क्रीम डॉक्टरांना विचारूनच, तेही ते सांगतील तेवढेच दिवस. पू झाला, केसतूड झालं तरी दाखवून घ्या.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाने बोट फिरवून बघितलं, कंठापाशी त्याचेही केस आडवे जातात. पुरळ बसेपर्यंत रेझर बाजूला ठेवलाय, ट्रिमर वापरतोय.