ग्रुप प्रोजेक्टमध्ये राबतो एक, गुण मात्र सहाही जणांना

प्रश्न : कोथरूडची_मास्तरीण
एस.वाय.ला पर्यावरण शिकवते. साठ मुलं, सहा-सहांचे दहा गट. गेल्या वर्षी विषय दिला होता पुण्याच्या महात्मा फुले मंडईतला ओला कचरा. एका गटाची वही इतकी देखणी, की सहाही जणांना 20 पैकी 18 देऊन मोकळी झाले. नंतर त्यातल्या एकाला सहज विचारलं, "गाळेवाले काय म्हणाले रे?" तर म्हणतो, "कुठले गाळेवाले, मॅडम?" सगळं वाघोलीच्या एका मुलीनं केलेलं, सकाळी दोन बस बदलून. तक्रार का नाही केलीस, तर म्हणे, "जाऊ दे मॅडम, वर्षभर ह्यांच्यातच बसायचंय." ते अजून टोचतं. यंदा काय बदलू? प्रोजेक्टच रद्द करा, हे कृपया सुचवू नका.

निवृत्त_फळा
आधी गट लहान करा. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, 1913 साली छापून आले. आठ जण मिळून ओढू लागले की माणशी जोर निम्म्यावर. थोडा दोष ताल न जुळण्याचा, थोडा अंगचोरपणाचा. तिघांत लपायला जागा नसते. मी 12 गुण गटाला द्यायचो, 8 ज्याचे त्याला, तोंडी घेऊन. प्रश्न मुद्दाम दुसऱ्याच्या भागावर, म्हणजे लिहिणाऱ्याला बाकीच्यांना शिकवावंच लागतं.

टीवायचा_बळी
म्हणजे जी राबली तिनंच वर शिकवणीही घ्यायची? वा सर!
आता कुणीतरी गूगल डॉक्सची हिस्ट्री बघा म्हणेल. आमच्यात लॅपटॉप एकाकडेच, सगळं टायपिंग त्याच्याच नावावर दिसायचं. एकमेकांना गुण द्यायला लावलं, तर दोस्तीत सरसकट दहापैकी दहा.
आणि ज्याला आम्ही कामचुकार म्हणून शिव्या घातल्या, तो संध्याकाळी हडपसरला मेडिकलमध्ये कामाला असायचा. आमच्या मीटिंगा सातला. सकाळचं काम त्यानं आनंदानं केलं असतं, पण विचारलं कोणी? कोण कुठे राहतो, कधी मोकळा असतो, हे पहिल्याच तासाला कागदावर घ्या मॅडम. शिवाय तासातली वीस मिनिटं द्या. निगडी, धायरी आणि वाघोलीनं भेटायचं कुठे?
अजून एक. अप्पा बळवंत चौकातून स्पायरल बाइंडिंग नेहमी एकच जण करून आणतो, आणि पैसे मागायची लाजही त्यालाच.

कोथरूडची_मास्तरीण
पैशांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाइंडिंग बंद, साधी फाइल चालेल. तिघांचे गट, घर आणि वेळ बघून मीच पाडते. तोंडीला ज्याच्या त्याच्या भागावरच विचारेन, तेही स्वतः जाऊन काय पाहिलंस एवढंच. दुसऱ्या आठवड्यात कच्ची वही बघेन, दांडीबहाद्दर तेव्हाच कळतील.
सर, पण वीस गटांची तोंडी उरकायचात कशी?

निवृत्त_फळा
गटाला सात मिनिटं, तीन तासिका. मधे चहा नाही.
(बळी, शिकवणीचा मुद्दा मान्य.)