मदत हवी आहे: पांढरा थर निघतच नाहीये, सोडा-व्हिनेगर दोन्ही करून झालं

अनघा_ठाणे
लगेच मदत हवीये. फळं धुवायला घेतलीत, पण वरचा पांढरा थर काही केल्या निघत नाही. आधी मिठाच्या पाण्यात ठेवली, मग खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्यात घातली. फेस भरपूर आला, पण वाळल्यावर थर आहे तसाच. आता रात्रभर सोड्याच्या पाण्यात ठेवू का? बाजारातलं बाटलीतलं लिक्विड वापरायचं नाहीये, घरातलंच काहीतरी सांगा. उद्या सकाळी पाहुणे येतायत, प्लीज लवकर.

सह्यकडा
कुठली फळं?

माजघर
कोमट पाण्यात मूठभर मीठ आणि चमचाभर हळद, अर्धा तास. आमच्याकडे आजेसासूबाईंपासून हेच चालत आलंय. मिठाने घाण सुटते, हळदीने जंतू मरतात. दुसरं काही करायची गरज नाही.

निमूट_वाचक
सफरचंदं असतील तर ते मेण आहे. सुरीने खरवडून बघा, भुगा पडेल. मी सरळ सालं काढतो.

अनघा_ठाणे
अहो सफरचंदं नाहीत, द्राक्षं! फेब्रुवारीत दुसरं काय घेणार? सालं कशी काढू? @माजघर, मीठ करून झालंय, वर लिहिलंय की.

सातपीएच
अनघाताई, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. एक आम्लारी, एक आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड फसफसून उडून जातो आणि तुमच्या पातेल्यात नुसतं खारट पाणी उरतं. फेस दिसला की काम झाल्यासारखं वाटतं, पण तोवर दोघांचंही काम थांबलेलं असतं.

नुसता सोडा वापरा. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर याचा अभ्यास झाला. १ टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची फॉस्मेट (कीटकनाशक) आणि थायाबेंडाझोल (बुरशीनाशक) ही औषधं निघून गेली, साध्या पाण्यापेक्षा आणि ब्लीचपेक्षा चांगलं. १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, साधारण दोन सपाट चहाचे चमचे. जे सालीच्या आत शिरलं होतं ते मात्र तसंच राहिलं.

@माजघर, मिठाच्या पाण्यात फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात हे खरं. हळदीने फवारणीचं औषध निघतं याला काही आधार नाही.

माजघर
आधार कागदावरचाच लागतो का? चार पिढ्या खाऊन धडधाकट आहेत.

सातपीएच
त्या पिढ्यांच्या वेळी एवढी फवारणीच नव्हती, ताई.

चिंचोका
चिंचेचा कोळ! जुनी मूठभर चिंच कोमट पाण्यात कोळून घ्या, त्यात पाच मिनिटं ठेवा आणि धुवा. आंबट पाण्याने जे निघतं ते सोड्याने कधीच निघत नाही. मी द्राक्षं, टोमॅटो, सिमला मिरची सगळं यातच धुते.

सातपीएच
सरसकट "कधीच नाही" असं म्हणता येणार नाही. वरचा अभ्यास पुन्हा वाचा.

चिंचोका
अभ्यास सफरचंदांवरचा आहे, तुम्हीच लिहिलंय. इथे विषय द्राक्षांचा.

हिरवी_गच्ची
सेंद्रिय द्राक्षं घ्या, हा प्रश्नच येणार नाही. मी गच्चीवर टोमॅटो, पालक, वांगी लावलीत, नळाखाली धरलं की झालं. कुणाला गांडूळखत हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बागाईतदार_तासगाव
आमची स्वतःची बाग आहे म्हणून लिहितो. सेंद्रिय बागेतही बोर्डो आणि गंधकाचा फवारा चालतो, त्यामुळे ती द्राक्षंही धुवावीच लागतात.

अनघाताई, थर नेमका कसा दिसतोय? सगळ्या मण्यांवर सारखा, राख भुरभुरल्यासारखा? की थेंब वाळल्यासारखे गोल डाग? की देठाजवळ निळसर झाक? काळी द्राक्षं की हिरवी? हे कळल्याशिवाय सोडा का चिंच हा वाद व्यर्थ आहे.

अनघा_ठाणे
काळी. सगळीकडे सारखा आहे, बोटाने पुसलं की खाली चकचकीत काळा मणी दिसतो. आणि हो, दोन घडांवर देठाजवळ निळे-हिरवट ठिपकेही आहेत. ते महत्त्वाचं आहे का? मला पांढऱ्याचं सांगा आधी.

बागाईतदार_तासगाव
निळ्याचंच आधी सांगतो, कारण पांढऱ्याचं काही करायचंच नाहीये.

सगळीकडे सारखी असलेली ती राख म्हणजे मण्याचं स्वतःचं मेण. वेलच तयार करते, आतलं पाणी उडू नये म्हणून. काळ्या मण्यावर जास्त उठून दिसतं. व्यापारी माल बघायला आला की आधी ही राख शाबूत आहे का ते बघतो, फार हाताळलेल्या मालावरची पुसलेली असते. ती पोटात गेली तरी काही होत नाही. मेण पाण्यात विरघळत नाही, म्हणून तुमच्या कुठल्याच पाण्याने ते गेलं नाही.

निळे ठिपके बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुना. डाऊनी (केवडा रोग) येऊ नये म्हणून मारतात. घडाच्या मधोमध, देठाशी पाणी साचतं आणि तिथेच वाळतं. हे तांबं आहे, सोड्याने सुटत नाही, आंबटाने सुटतं. तांब्याची भांडी आपण चिंचेनेच घासतो ना, तेच इथे. तेव्हा चिंचोकाताईंचा उपाय या ठिपक्यांना लागू पडतो, आणि सातपीएच म्हणतात तो सोडा बाकीच्या वरवरच्या फवाऱ्याला. दोन्ही वेगवेगळ्या वेळी करा, मधे पाण्याने धुवा.

आणि घड अख्खा बुडवू नका, आतल्या मण्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. कात्रीने एकेक मणी कापा, कणभर देठ मण्याला राहू द्या. ओढून तोडला की देठाच्या जागी भोक पडतं आणि सगळं पाणी आत जातं.

रात्रभर तर मुळीच ठेवू नका. आमच्याकडे बेदाण्यासाठी माल लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटंच बुडवतात, तेवढ्यात मेण सैल होऊन मणी भराभर सुकायला लागतो. तुमचा सोडा त्यापेक्षा सौम्य आहे, तरी बारा तासांत मणी पाणी पिऊन तडकतील.

सातपीएच
+१. तांब्याचं बरोबर आहे. चिंच नसेल तर लिटरभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर किंवा दोन लिंबांचा रस.

सह्यकडा
म्हणजे एवढं केलं की औषध पूर्ण गेलं असं धरायचं का?

बागाईतदार_तासगाव
नाही. २०१० साली युरोपने आपला माल अडवला तो क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो, वाढ रोखायला मारतात. ते वेलीच्या आत भिनतं, कुणी कितीही धुतलं तरी निघत नाही. अशा औषधांचा इलाज बागेतच: कुठलं, किती, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी. निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तपासून जातो. गावातल्या बाजारात जाणाऱ्या मालालाही तीच तपासणी हवी, हे आम्ही बागाईतदारच म्हणतोय.

माजघर
मग धुवायचं तरी कशाला?

बागाईतदार_तासगाव
वरचं जातं म्हणून. धूळ, हातांचे जंतू, वाळलेला फवारा. तेही थोडं नसतं.

निमूट_वाचक
भांड्याच्या साबणाचा एक थेंब चालेल का?

सातपीएच
नको. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने लोक भाज्या साबणाने धुवायला लागले, तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच साबण वापरू नका म्हणून सांगितलं होतं.

अनघा_ठाणे
लिंबाच्या पाण्यात निळे ठिपके गेले, थोडं बोटाने चोळावं लागलं. पांढरं तसंच ठेवतेय. आता सगळी आत्ताच धुऊन फ्रिजमध्ये ठेवू का? सकाळी भाचा येतोय, दीड वर्षाचा आहे, त्याला फार आवडतात.

मेथीची_जुडी
थांबा, दीड वर्षाचं बाळ आहे हे आधी सांगायचं होतंत. अख्खं द्राक्ष त्याला देऊ नका. घशात बरोब्बर बसतं आणि श्वास कोंडतो. प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करा, आडवा चिरू नका, आणि मांडीवर सरळ बसवूनच भरवा. पाच वर्षांचा होईपर्यंत असंच.

बागाईतदार_तासगाव
हे सगळ्यात आधी करा. आणि धुतलेली ठेवायचीच असतील तर पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा, मगच फ्रिजमध्ये. ओली ठेवलीत तर देठाशी बुरशी धरते. उरलेले घड न धुता ठेवा, लागतील तसे धुवा.

हिरवी_गच्ची
अवांतर: मेथीची माती कशी काढता? चाळणीत ओतली की परत पानांवरच बसते.

मेथीची_जुडी
ओतू नका. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं वरून हाताने उचलून घ्या. माती तळाशी राहते. पाणी बदलून परत, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. ते पाणी तुमच्या गच्चीतल्या कुंड्यांना घाला.

माजघर
आणि फ्लॉवरला मीठ-हळदच. तिथे तरी कुणी नाही म्हणू नका.