मदत हवी आहे: आरएच निगेटिव्ह, पहिलं बाळंतपण माहेरी चिपळूणला. डॉक्टर कधी बदलू?

नमस्कार. मी पहिलटकरीण, राहते पुण्यात. २७वा आठवडा चालू आहे, तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. गेल्याच आठवड्यात आयसीटी (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध माझ्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी चाचणी) निगेटिव्ह आली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी साखर १२८ भरली. हिमोग्लोबिन मात्र गोळ्या घेऊनही १०.२ वरच अडकलंय. बाकी सगळं ठीक.

तशी प्रतिपिंडं पुढेही तयार होऊ नयेत म्हणून २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन आहे. त्याच आठवड्यात डोहाळजेवण, आणि मग आई न्यायला येणार. मला मनापासून जायचंय. नवरा सकाळी नऊला बाहेर पडतो तो रात्री आठला येतो. नववा महिना असा एकटीने काढायची मला भीती वाटते.

पण माहेर आहे बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या जिन्याच्या अकराव्या पायरीपर्यंत चढलं होतं. आईने घासघासून भिंत धुतली, तरी चिखलाची रेघ अजून दिसते. जुलैअखेरीस कळा सुरू झाल्या आणि रस्ता बंद असला तर? त्यात माझं रक्त निगेटिव्ह.

इथल्या डॉक्टर म्हणाल्या, "जायचं तर लवकर जा, नाहीतर इथे नाव नोंदवा." बाहेर खुर्च्या भरलेल्या, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं. इंजेक्शन इथे घेऊ की तिथे? घाट कधी उतरू? ज्या अशा मधूनच माहेरी गेल्या असतील त्यांनी सांगा.

प्रतिसाद
अगं, मी ए निगेटिव्ह, दोन्ही बाळंतपणं माहेरी सावर्ड्याला झाली. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. इंजेक्शन पुण्यातच घे आणि तारीख, डोस फाइलवर लिहून घे. ते घेतल्यावर आयसीटी किंचित पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली तेव्हा नव्या डॉक्टरांना तारीख माहीत नव्हती, आणि आम्ही सगळे दोन दिवस जेवलो नाही.

पाऊस लागायच्या आत जा, जुलैची वाट बघू नकोस. तिकडे गेल्या गेल्या नाव नोंदव, म्हणजे दर पंधरा दिवसांच्या तपासण्या त्याच डॉक्टर करतील. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी लागतं, ते त्यांच्याकडे असतं का हे आधीच विचार. डेरवणला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथेही दाखवून ठेव. आणि शेवटचे पंधरा दिवस बाजारपेठेत राहू नकोस, उंचावर कुणा नातेवाइकांकडे राहा. हिमोग्लोबिनचं मात्र आत्ताच बोल. गोळ्यांनी वाढत नसेल तर शिरेतून लोह देतात, त्याला वेळ हाती हवा.

धागाकर्ती
ताई, खूप आभार. आयसीटीचं कुणीच सांगितलं नव्हतं. आजच आईशी बोलले, मावशीचं घर टेकडीवर आहे, जुलैत तिथेच राहीन. घाट जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरते. लोहाचं उद्याच विचारते.

आता एकच राहिलं. चिपळूण, खेड, गुहागर भागात कुणी बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह असेल आणि गरज पडल्यास रक्त द्यायची तयारी असेल, तर कृपया मला निरोप पाठवा.